मराठ्यांची यादवी आणि स्त्रियांचा राजकारणावरील प्रभाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठ्यांच्या इतिहासात ‘यादवी’ म्हणजे नेमका कोणता काळ?

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर 1707 साली संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले आणि राजाराम महाराजांच्या विधवा राणी ताराबाईंनी त्यांचा गादीवरील हक्क नाकारला. तेथून 13 एप्रिल 1731 च्या वारणेच्या तहापर्यंत शाहूंची सातारा आणि ताराबाईंच्या पक्षाची कोल्हापूर या दोन गाद्यांमध्ये जो झगडा चालला, त्यालाच साधारणपणे मराठ्यांची यादवी म्हणतात. हे पान मात्र तेथे थांबत नाही. शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर 1750–51 मध्ये ताराबाई आणि सेनापती दाभाडे घराण्यातील उमाबाई दाभाडे यांनी पेशव्यांविरुद्ध जो उठाव केला, तो त्याच भांडणाचा शेवटचा अंक होता आणि तो वगळून ही कथा पुरी होत नाही.

या झगड्यात स्त्रियांना एवढे महत्त्व कसे आले? त्या तर अपवादानेच गादीजवळ पोचत ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याच्या मुळाशी असलेले गृहीतकच चुकीचे आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस भोसले घराण्यातील कर्ते पुरुष एकामागून एक गेले. संभाजी महाराजांची मार्च 1689 मध्ये हत्या झाली. राजाराम महाराज मार्च 1700 मध्ये सिंहगडावर वारले. शाहू महाराज वयाच्या सातव्या वर्षापासून मोगलांच्या छावणीत होते. मागे उरली ती अल्पवयीन मुले आणि त्यांच्या माता. अशा वेळी मुलाच्या नावाने शिक्का चालवणारी आई ही राज्याची प्रत्यक्ष धनीण ठरे. तिच्या हुकुमाने किल्लेदार नेमले जात, सनदा दिल्या जात, फौजा निघत.

दुसरे कारण सोयरिकीचे आहे. मोहिते, घाटगे, शिर्के, गुजर, निंबाळकर, जाधव ही घराणी लग्नांनी एकमेकांत गुंतलेली होती. ताराबाई या सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या कन्या, त्यांच्या सवत राजसबाई कागलकर घाटग्यांच्या, संभाजी महाराजांच्या राणी येसूबाई शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या. राणी एकटी नसे. तिच्या माहेरचे घोडदळ आणि तिच्या माहेरचे वैरही तिच्याबरोबर येई.

यादवीचे बीज येसूबाईंच्या निर्णयात होते असे म्हणतात. ते खरे आहे का?

बीज म्हणणे अन्यायाचे आहे. पण त्यांच्या निर्णयाशिवाय राज्यच उरले नसते, हे नक्की. 1689 मध्ये रायगडाला वेढा पडत असताना संपूर्ण राजकुटुंब एकाच गडावर राहणे धोक्याचे आहे, हे येसूबाईंनी ओळखले. त्यांनी धाकटे दीर राजाराम महाराजांना गडाबाहेर पडण्याचा सल्ला दिला आणि स्वतः मुलासह मागे राहिल्या. पती नुकताच क्रूरपणे मारला गेलेला, मुलगा सात वर्षांचा, आणि तरीही त्यांनी आपल्या मुलाचा गादीवरील दावा पुढे न रेटता दिराला दक्षिणेत तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्याच्या वाटेला लावले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि मायलेक मोगलांच्या हाती सापडले.

येसूबाई सुटल्या त्या 1719 साली. शाहू महाराजांची सुटका करताना मोगलांनी त्यांना ओलीस म्हणून ठेवून घेतले होते. पेशवे बाळाजी विश्वनाथ मोगल दरबारातल्या सय्यद बंधूंच्या मदतीला दिल्लीला गेले, तेव्हा चौथाई-सरदेशमुखीच्या (महसुलातल्या हिश्श्यांच्या) सनदांबरोबर राजमातेची सुटका हेही त्यांच्या मागण्यांतले एक कलम होते. जवळपास तीस वर्षे कैदेत काढलेली ही बाई मराठ्यांच्या राजकारणात शाहू महाराजांच्या प्रत्येक पावलावर भार टाकून होती, कारण मोगलांशी उघड वैर घेतले तर आईच्या जिवाला धोका, हे गणित त्यांच्यासमोर बारा वर्षे होते. कारभारात थेट भाग न घेताही एखादी व्यक्ती राज्याचे धोरण कसे ठरवते, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

ताराबाईंचा दावा कायद्याने किती टिकणारा होता?

दोन्ही बाजूंना आधार होता. ताराबाईंचे म्हणणे असे होते की संभाजी महाराजांच्या काळातले राज्य मोगलांनी घेतले. त्यानंतर राजाराम महाराजांनी आणि पुढे स्वतः त्यांनी जे लढून परत मिळवले ते नवे राज्य आहे, त्यामुळे त्यावर आपला पुत्र शिवाजी याचाच हक्क आहे. शाहू महाराजांची बाजू थोरल्या पातीच्या हक्काची होती आणि राजाराम महाराजांनीही आपण शाहूंच्या वतीने राज्य सांभाळत असल्याचे जिंजीत असताना बोलून दाखवले होते.

न्यायाचा काटा शाहूंकडे झुकतो, असे माझे मत आहे. पण 1700 ते 1707 या सात वर्षांत काय घडले हे विसरून हा न्याय करता येत नाही. पंचवीस वर्षांची विधवा, पदरी चार वर्षांचा मुलगा, आणि समोर खुद्द औरंगजेब एकेका किल्ल्याला वेढा घालत बसलेला. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा अशी किल्ल्यांची रांगच त्याने घेतली. ताराबाईंनी किल्ले शक्य तेवढे लढवले, मग शत्रूकडून रक्कम घेऊन सोडले आणि पावसाळा उलटल्यावर परत घेतले. त्याच वेळी मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यापर्यंत आणि गुजरातेत धुमाकूळ घालू लागल्या. मोगल दरबाराच्या एका इतिहासकारानेही त्यांच्या बुद्धीची आणि लष्करी व्यवस्थेची वाखाणणी केली आहे, आणि तो काही मराठ्यांचा मित्र नव्हता. इतके करून राखलेले राज्य औरंगजेबाच्या मुलाने सोडलेल्या राजपुत्राच्या हवाली करावे, हे त्यांना का पटले नसेल, हे समजून घेणे अवघड नाही.

शाहूंची सुटका ही मोगलांचीच चाल होती का?

होय. मे 1707 मध्ये औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने, मोगल सरदार झुल्फिकारखानाच्या सल्ल्याने, शाहूंना सोडले, ते मराठ्यांत दुफळी पडावी म्हणूनच. पुढे 1709 मध्ये बहादूरशहापुढे दोन्ही पक्षांचे वकील सरदेशमुखीच्या सनदेसाठी उभे राहिले. शाहूंची बाजू झुल्फिकारखानाने उचलली, तर ताराबाईंची वजीर मुनीमखानाने. बादशहाने सनद कोणालाच दिली नाही; आपापसांत निकाल लावा, असे सांगून दोघांनाही परत पाठवले. या प्रसंगातून एक गोष्ट दिसते: ताराबाईंची वकिलात दिल्लीच्या वजिरापर्यंत पोचलेली होती आणि मुत्सद्देगिरीत त्या शाहूंपेक्षा तसूभरही मागे नव्हत्या.

दूधभाताच्या शपथेची कथा काय आहे?

शाहू महाराज दक्षिणेत येत आहेत असे कळताच एकेक सरदार त्यांना जाऊन मिळू लागला. ताराबाईंनी आपल्या प्रमुख कारभाऱ्यांना आणि सेनानींना एकत्र बोलावून दूधभातावर हात ठेवून इमानाची शपथ घ्यायला लावली. हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. धनाजी जाधव, परशुरामपंत प्रतिनिधी, रामचंद्रपंत अमात्य अशी वयाने आणि अनुभवाने मोठी माणसे. मध्ये ताटात दूधभात, म्हणजे घरातले, आईच्या हातचे, लहान मुलाला भरवायचे अन्न. आणि समोर मुलाच्या वतीने शपथ मागणारी आई. तलवारीवर किंवा बेलभंडाऱ्यावर घेतलेली शपथ रणाची किंवा देवाची असते. ही शपथ घराच्या उंबऱ्याच्या आतली होती, आणि म्हणूनच ती मोडणाऱ्याला ‘खाल्ल्या अन्नाला न जागलेला’ ठरवणारी होती.

ती मोडली गेली. 12 ऑक्टोबर 1707 रोजी भीमेकाठी खेडजवळ लढाई झाली तेव्हा धनाजी जाधवांनी शाहूंचा हक्क मान्य करून पक्ष बदलला. प्रतिनिधी मात्र लढून साताऱ्याकडे माघारी गेले. जानेवारी 1708 मध्ये साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला.

धनाजींच्या या कृतीला आपण आजही राज्यहिताचा निर्णय म्हणतो. ताराबाईंनी मात्र आपला दावा सोडला नाही म्हणून त्यांना हट्टी, महत्त्वाकांक्षी म्हटले जाते. सत्तेसाठी लढणे हा पुरुषांच्या बाबतीत पराक्रम आणि बाईच्या बाबतीत स्वभावदोष, ही मोजपट्टी बखरकारांनी वापरली आणि शाळेतल्या पुस्तकांनी ती तशीच पुढे चालवली. मला ती मान्य नाही.

सामान्य स्त्रियांचे काय? इतिहासात फक्त राण्याच दिसतात.

कागदपत्रे वतनदारांची आणि सरदारांची उरली, त्यामुळे शेतकरी, कुणबीण, शिपायाची बायको यांचा आवाज क्वचितच ऐकू येतो. तरी एक प्रसंग असा आहे की त्यात गावातली एक बाई इतिहासाच्या मध्यभागी येऊन उभी राहते.

1707 मध्ये शाहूंची फौज खानदेशातून खाली उतरत असताना पारद गावाच्या पाटलाने, सयाजी लोखंडे यांनी, त्यांना विरोध केला. चकमक झाली आणि पाटील मारले गेले. गाव जळण्याची पाळी आली असता पाटलाची विधवा आपले लहान मूल घेऊन पुढे आली आणि तिने ते शाहूंच्या पालखीत ठेवले. ज्या हातांनी तिचे कुंकू पुसले गेले होते, त्याच हातांत तिने मूल दिले. शाहूंनी ते स्वीकारले, मुलाला स्वतःचा मुलगा मानले आणि पहिल्याच विजयाची आठवण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले. अक्कलकोटचे भोसले संस्थान या फत्तेसिंहापासून सुरू झाले.

ही गोष्ट बहुधा शाहूंच्या दयाळूपणाचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला त्यात त्या बाईचे धैर्य आणि धोरण दिसते. शरण आलेल्याचे मूल पदरात टाकले तर ते नाकारणे राजाला शोभत नाही, हा संकेत तिला ठाऊक होता. हातात शस्त्र नसलेल्या माणसाने संकेताचाच शस्त्रासारखा उपयोग केला आणि एका गावाची राखरांगोळी टळली.

याच्या उलट बाजूही होती. साताऱ्याचा किल्लेदार शेख मिरा दाद देईना, तेव्हा वाईत असलेले त्याचे कुटुंब शाहूंच्या माणसांनी पकडले आणि बायकामुलांना तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिल्यावर किल्ल्याचे दरवाजे उघडले, असे बखरी सांगतात. यादवीत किल्ले असे पडत.

ताराबाईंना कैदेत कोणी टाकले?

त्यांच्या सवतीने. 1714 मध्ये राजसबाईंनी रामचंद्रपंत अमात्यांच्या संमतीने पन्हाळ्यावर सत्ता हाती घेतली, ताराबाई आणि त्यांचा मुलगा शिवाजी यांना नजरकैदेत ठेवले आणि आपला मुलगा संभाजी याला कोल्हापूरच्या गादीवर बसवले. लढाई न होता झालेला हा राज्यपालट इतका नेटका होता की त्याचे श्रेय सरळ अमात्यांच्या खात्यावर टाकण्याची प्रथा पडली. पण ताराबाईंना ज्या पद्धतीने सत्ता मिळाली होती, नेमकी तीच पद्धत राजसबाईंनी वापरली: अल्पवयीन मुलगा, आईचा कारभार, जुन्या मुत्सद्द्यांचा पाठिंबा. ‘सवतीमत्सर’ हा शब्द या प्रसंगाला फार स्वस्तात लावला जातो. दोन गाद्यांच्या भांडणात तिसरा दावा उभा करून तो टिकवणे हे राजकारण आहे.

शिवाजी कैदेतच वारला. ताराबाई 1730 पर्यंत पन्हाळ्यावर होत्या. त्या वर्षी वारणेकाठी कोल्हापूरकरांच्या तळावर साताऱ्याच्या फौजेने छापा घातला आणि राजकुटुंबातील स्त्रिया शाहूंच्या हाती आल्या. शाहूंनी इतरांना सन्मानाने परत पाठवले. ताराबाईंनी मात्र परत जाण्यास नकार दिला. कैदच नशिबी असेल तर ती साताऱ्यात बरी, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर परंपरेने जपले आहे. ज्या पुतण्याविरुद्ध त्या लढल्या, त्याच्याच आश्रयाला त्या राहिल्या आणि साताऱ्याच्या किल्ल्यावरून पुढची वीस वर्षे राज्याचा कारभार दुरून न्याहाळत राहिल्या.

उमाबाई दाभाडे यांचा या यादवीशी काय संबंध?

थेट संबंध आहे. गुजरातच्या चौथाईवरून सेनापती दाभाडे आणि पेशवे बाजीराव यांचे वैर पेटले आणि 1 एप्रिल 1731 रोजी डभईच्या लढाईत उमाबाईंचा मुलगा त्र्यंबकराव मारला गेला. मराठ्यांचा सेनापती मराठ्यांच्याच पेशव्याविरुद्ध लढताना पडला. उमाबाईंचे पती खंडेराव त्याआधीच, 1729 मध्ये, वारले होते.

शाहू महाराज स्वतः तळेगावला त्यांची समजूत घालायला गेले. छत्रपती एका विधवेच्या दारी जातो, हे त्या काळात साधे नव्हते. सेनापतीपद धाकट्या यशवंतरावाला मिळाले, पण दौलत उमाबाई सांभाळत होत्या. दाभाड्यांचे गुजरातेतले सरदार पिलाजी गायकवाड यांचा डाकोर येथे खून झाल्यावर त्यांनी स्वतः अहमदाबादेवर मोहीम काढली. या कामगिरीबद्दल शाहूंनी त्यांना सोन्याचे तोडे पायात घालण्याचा मान दिला, असे परंपरा सांगते.

तरीही डभईची जखम भरली नाही. गुजरातच्या उत्पन्नातला निम्मा वाटा पेशव्यांना द्यावा, ही अट आपल्यावर जबरदस्तीने लादली आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि बाजीरावांचे पुत्र नानासाहेब पेशव्यांनी ते मान्य केले नाही. तेव्हा त्या ताराबाईंच्या पक्षाला गेल्या.

सती जाण्याचा राजकारणाशी काही संबंध होता का?

होता, आणि हा या काळातला सर्वांत वेदनादायक भाग आहे. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर त्यांच्या एक राणी अंबिकाबाई विशाळगडावर सती गेल्या. ताराबाई आणि राजसबाई गेल्या नाहीत. दोघींच्या पदरी राज्याचे वारस होते. म्हणजे जिला मुलगा, तिच्यापुढे राजकारणाचा रस्ता खुला होता. जिला तो नाही, तिच्या जगण्याला त्या समाजाच्या लेखी फारसे कारण उरत नव्हते.

15 डिसेंबर 1749 रोजी शाहू महाराज वारले. त्यांच्या थोरल्या राणी सकवारबाई या ताराबाईंनी पुढे आणलेल्या वारसाच्या, रामराजाच्या, विरोधात होत्या आणि कोल्हापूरच्या संभाजींना बोलावण्याच्या मताच्या होत्या. त्यांनी पूर्वी सती जाण्याची भाषा केली होती. तो शब्द धरून त्यांना मागे फिरणे अशक्य केले गेले आणि त्या सती गेल्या. विरोधी पक्षाची पुढारी अशा रीतीने दूर झाली. यात पेशव्यांच्या पक्षाचा वाटा किती, यावर इतिहासकारांनी बराच वाद घातला आहे. त्या चितेचा राजकीय लाभ कोणाला झाला, याबद्दल मात्र वाद नाही.

रामराजा खरा होता की तोतया?

ताराबाईंनी आधी सांगितले की हा आपला नातू आहे, कैदेच्या काळात त्याला लपवून वाढवले होते. शाहूंना पुत्र नसल्याने त्याला गादीवर बसवले गेले. परंतु तो पेशव्यांच्या तंत्राने चालू लागल्यावर नोव्हेंबर 1750 मध्ये ताराबाईंनी त्याला चंपाषष्ठीच्या निमित्ताने साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावले आणि कैद केले. त्या वेळी त्या 75 वर्षांच्या होत्या. पिलाजींचे पुत्र दमाजी गायकवाड 15,000 फौज घेऊन त्यांच्या मदतीला आले, साताऱ्याजवळ निंब येथे त्यांना यशही मिळाले. पण नंतर ते कोंडीत सापडले आणि बोलणी चालू असताना पेशव्यांनी त्यांच्या तळावर अचानक हल्ला करून त्यांना पकडले. दाभाडे कुटुंबही कैदेत पडले. उमाबाई 1753 मध्ये वारल्या.

ताराबाई मात्र साताऱ्याचा किल्ला सोडेनात. शेवटी 1752 मध्ये जेजुरीला तडजोड झाली आणि तेथे खंडोबापुढे त्यांनी शपथेवर सांगितले की रामराजा आपला नातू नाही. दूधभाताची शपथ दुसऱ्यांनी मोडलेली पाहिलेल्या बाईने पंचेचाळीस वर्षांनी स्वतः देवापुढे आपलाच शब्द फिरवला. या दोन विधानांपैकी कोणते खरे, यावर अभ्यासकांची मते विभागलेली आहेत. तो खरा नातू असावा आणि रागापायी त्यांनी तो नाकारला, असे मला वाटते. येथे मी त्यांची बाजू घेऊ शकत नाही. या एका कृतीने छत्रपतींच्या गादीची जी अप्रतिष्ठा झाली, तिचा सगळा फायदा पेशव्यांना मिळाला, ज्यांना रोखण्यासाठी हा खटाटोप होता. रामराजा पुढे नावाचाच छत्रपती राहिला.

कोल्हापूरच्या जिजाबाई या वेगळ्या का?

शिवाजी महाराजांच्या मातोश्रींशी त्यांची गल्लत होते, म्हणून हा प्रश्न येतो. या जिजाबाई कोल्हापूरच्या संभाजींच्या राणी. रामराजा तोतया आहे, हे त्या पहिल्यापासून सांगत होत्या. पतीच्या निधनानंतर पेशव्यांनी कोल्हापूरचे राज्य खालसा करण्याची तयारी चालवली, तेव्हा त्यांनी ते वाचवले, 1762 मध्ये खानवटकर भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक घेतला आणि 1773 पर्यंत त्याच्या नावाने कारभार केला. कोल्हापूरची गादी साताऱ्याच्या गादीनंतरही शंभर वर्षे टिकली, यात त्यांचा हात मोठा आहे.

या स्त्रियांच्या खुणा आज कोठे पाहता येतात?

ताराबाईंचे निधन 9 डिसेंबर 1761 रोजी साताऱ्यात झाले, पानिपतानंतर काही महिन्यांनी. त्यांची समाधी कृष्णेकाठी संगम माहुली येथे आहे. उमाबाईंची समाधी तळेगाव दाभाडे येथे बनेश्वराच्या देवळाच्या आवारात आहे. पन्हाळ्यावर ताराबाईंचा वाडा दाखवला जातो.

यांशिवाय सप्तशृंग गडावर जाणाऱ्यांनी पायऱ्यांकडे लक्ष द्यावे. गडावरून देवीच्या मंदिरापर्यंत सुमारे 470 पायऱ्या उमाबाईंनी 1710 मध्ये बांधल्या. त्यांचे माहेर अभोण्याचे, म्हणजे गडाच्या जवळचेच. खाली सातारा आणि कोल्हापूर एकमेकांचे मुलूख लुटत होते, त्याच काळात ही कातळातली वाट घडवली जात होती. चैत्रातल्या यात्रेला खानदेशातून पायी येणाऱ्या बायका आजही त्याच पायऱ्या चढून देवीपुढे जातात.